बिनशिकारीचं राज्य

"सन्म्या, हरीण मार लेका. तुझी माणसं उपाशी मरतील."

"मरत नाहीत. बोरं वेचतायत."

"बोरं खाऊन कुणी साम्राज्य उभं केलंय काय?"

रणधीर साळोखे शेजारच्या कॉम्प्युटरवरून ओरडत होता आणि सगळी लॅब खिदळत होती. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहाचा गणपती बसला होता. सांगलीत गणपती म्हटलं की रांगोळ्या, गाणी, दोरीखेच हे सगळं असतंच, पण त्या वर्षी पोरांनी हट्टानं कॉम्प्युटर गेमची स्पर्धा ठेवली होती. लॅबचे कोरवी सर पंच होते. रविवारी अंतिम सामना होता, आणि लॅबमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती.

गेम जुन्या काळातला. सुरुवातीला एक झोपडी आणि चार उघडीवाघडी माणसं मिळायची. त्यांच्याकडून शिकार करून घ्यायची, लाकडं तोडून घ्यायची, मग शेती, मग घरं, मग सैन्य, आणि शेवटी दुसऱ्याचं राज्य बेचिराख करायचं. जोडी-जोडीनं खेळायचं. प्रत्येक जोडीला एक कप्तान. कप्तानाचं राज्य संपलं, म्हणजे त्याचा शेवटचा माणूसही पडला, की ती जोडी हरली, मग जोडीदार कितीही धडधाकट असो.

आमचा कप्तान रणधीर. माझा खोलीतला सोबती, कागलकडचा. त्याला मिशी होती. मिशी सगळ्यांनाच असते, पण रणधीर मिशीच्या मागोमाग चालायचा. आंघोळीला जाताना साबण विसरायचा, मिशीचा कंगवा कधी विसरला नाही. आणि त्या सामन्यात पणाला लागली होती ती मिशीच.

झालं असं, की पर्वाचं म्हणून मी दोन दिवस गावी गेलो होतो. मी मगदूम, शिरोळ तालुक्यातला जैन. भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं आणि त्यात घरी गेलं नाही तर आई वर्षभर बोलून दाखवते. मी नसताना इकडं मेसमध्ये हंबीर खराडेनं रणधीरला डिवचलं. हंबीर समोरच्या जोडीचा कप्तान. तासगावकडचा, जाडजूड, तोंडाळ. त्यालाही मिशी होती, पण तो तिचा एवढा गाजावाजा करत नव्हता. तो म्हणाला, "हरेल त्यानं मिशी उतरवायची, गणपतीच्या मंडपासमोर. आहे का तयारी?" आणि आमच्या शहाण्यानं ताटावरून उठून हात पुढं केला.

मी परत आलो तर हा खोलीत आरशासमोर बसलेला, चेहरा पडलेला.

"अरे, तुझे आबा ठणठणीत आहेत ना?" मी म्हणालो. "वडील असताना कुणी मिशी उतरवतं का?"

"तेच तर. असा बोडका ओठ घेऊन मी एसटीतनं उतरलो की आबा गेले समजून गाव आधी आमच्या घराकडं पळणार. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले दिसले की तेच लोक येऊन मला तुडवणार. आबा राहिलेलं काम करणार."

"मग पैज कशाला लावलीस?"

"तू आहेस म्हणून लावली. तुझ्यासारखं राज्य वसतिगृहात कोण उभं करतंय? तू धान्य पुरव, मी लढतो. हंबीर तीन तासांत भुईसपाट."

मग मी त्याला माझी बातमी सांगितली. ती ऐकून तो पलंगावर आडवाच झाला.

माझी बातमी अशी. घरी कॉम्प्युटर होता, मी तिथं सरावाला बसलो होतो. भराभर हरणं मारत होतो. मागं आज्जा कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. माझा आज्जा भूपाल मगदूम, जन्मभर ऊस केलेला माणूस, रोज सकाळी बस्तीत बसून शास्त्र वाचणारा. बस्ती म्हणजे आमचं देऊळ.

"हे काय करायलाईस बाळ?"

"गेम आहे आज्जा."

"हरीण मारलंस न्हवं आत्ता?"

"खरं नाही ते. चित्र आहे."

"पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप लागतंय. हरीण खोटं असंल, हात तुझा खराच हाय."

मी वाद घालायला गेलो. आज्जाशी वाद घालणं म्हणजे विहिरीत उतरून पाणी उपसण्यासारखं, दमायचं आपणच. त्यानं मला शांतपणे समोर बसवून सांगितलं. ठरवून, हौसेनं जीव घेणं संसारी माणसाला अजिबात चालत नाही. चुलीत, शेतात, धंद्यात नकळत होतं ते सुटत नाही. आणि कुणी अंगावर आला तर स्वतःला वाचवायला हात उचलावा लागतो, तेवढी मुभा आहे.

"म्हणजे शेती चालेल?"

"शेती कर की. शेतकऱ्याचाच हाईस."

"आणि लढाई?"

"त्यो आधी आला तर."

"आणि घोडे, हत्ती?"

"माणसांच्या भांडणात त्यांचं काय काम?"

दुसऱ्या दिवशी बस्तीत भगवंतासमोर उभं करून त्यानं मला नियम दिला. पुढच्या पर्वापर्यंत त्या गेममध्ये शिकार नाही, आपण होऊन हल्ला नाही, जनावर लढाईत नाही. मी काही फार देवभोळा नव्हतो. हॉस्टेलवर असताना देवदर्शन विसरायचो. पण हात जोडून घेतलेला नियम मोडणं मला जमणारं नव्हतं. का ते विचारू नका. काही गोष्टी अंगातच असतात.

"एवढा एक सामना झाला की घे ना नियम," रणधीर पलंगावरून म्हणाला.

"घेऊन झाला."

"देवाला सांग, माझ्या मिशीचा प्रश्न आहे."

"देव म्हणेल, त्याला पैज लावायला मी सांगितलं होतं का?"

तेव्हापासून रविवारपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही.

तर असा तो सामना सुरू झाला. रणधीरनं शिकार करून, झाडं तोडून धडाधड घोडदळ उभं केलं. माझ्याकडं बोरं संपली, शेतं पिकायला वेळ लागत होता, आणि हरणं माझ्या झोपड्यांमधून निवांत फिरत होती. सगळ्या नकाशावर शिकार चाललेली आणि माझ्याकडं कुणी हात लावत नाही, त्यामुळं तिथं पांजरपोळ झालं होतं. एकदा एक सिंह आला आणि माझा लाकूडतोड्या खाऊन गेला. मी बाकीच्यांना घरात घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मगदूम, सिंहाला वाटाणे टाक."

हळूहळू मात्र माझी शेतं लागली. एकदा शेतं लागली की मला थांबवणं अवघड. कोठारं भरली, घरं वाढली, पायदळाच्या रांगा उभ्या राहिल्या. लॅबमधल्या कुणाहीपेक्षा माझं राज्य मोठं झालं. फक्त ते काही करत नव्हतं.

रणधीरनं तेवढ्यात हंबीरच्या जोडीदाराला, चिकोडेला, गाठून साफ केलं. लॅबनं शिट्ट्या मारल्या. रणधीरनं मिशीवरून हात फिरवला. आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागून हंबीरचे हत्ती आले. रणधीरचं घोडदळ लांब चिकोडेच्या राखेत उभं, आणि इकडं त्याच्या घरादाराला आग.

"सन्म्या, ये. पाठव सगळे."

मी हात आवरून बसलो. "माझ्यावर हल्ला झाला नाही."

"अरे माझ्यावर झालाय ना!"

समोरच्या रांगेतून हंबीर म्हणाला, "मगदूमच्या एका शेळीलाही आपला धक्का लागणार नाही. मी माझ्या हत्तींना बजावलंय. त्याचा नियम आपण पाळायचा." त्याला सगळं ठाऊक होतं. रणधीरनंच वैतागून मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. हंबीरच्या सैन्याची एक तुकडी माझ्या शेताच्या बांधावरून गेली, वाकडी वाट करून, पीक न तुडवता. सगळे हसून लोळायला लागले. मी मात्र रणधीरच्या पडद्याकडं बघत होतो. रणधीरची घरं एकेक करून पडत होती आणि त्याचा आवाज बसत चालला होता. दोस्ताची अब्रू डोळ्यांसमोर जात असताना सैन्य घेऊन गप्प बसणं किती वाईट असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी उठलो. "सर, एक फोन करायचाय."

"कुणाला?"

"आज्जाला."

कोरवी सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग हंबीरकडं. हंबीर म्हणाला, "करू दे सर. आम्ही तेवढ्यात चहा पितो." गेम थांबवला. सरांच्या केबिनचा दरवाजा उघडाच होता आणि सगळी लॅब त्या दरवाजात येऊन उभी राहिली. पर्वामुळं आज्जाचा उपवास होता, आवाज बारीक येत होता, म्हणून सरांनी फोनचा स्पीकर लावला.

"आज्जा, शेजारच्या राज्यावर हल्ला झालाय."

"कुणाच्या?"

"रणधीरच्या. माझ्या खोलीतला."

"मिशीवाला? बरा हाय न्हवं?"

"बरा नाही. त्याची घरं जळतायत. मी मदतीला जाऊ का?"

"तुला कुणी काय केलंय?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या भांडणात पडायला नियम घेतलास काय?"

"दोस्त आहे आज्जा तो."

पलीकडं आज्जी मागून विचारत होती, कुणाचं घर जळालं म्हणून. मग आज्जा म्हणाला, "त्यो शरण आलाय का तुला?"

"म्हणजे?"

"मला वाचव, असं त्याच्या तोंडानं म्हणालाय का? शरण आला तर त्यो तुझा झाला. आपल्या माणसाला राखायला हात उचलला तर चालतंय."

"मघापासून ओरडतोय की."

"काय म्हणून?"

मी रणधीरकडं बघितलं. "हात झडले का तुझे भडव्या, म्हणून."

"ह्याला शरण येणं म्हणत न्हाईत," आज्जा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सगळी लॅब रणधीरकडं वळली. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तोंड लाल झालं होतं. "आमच्यात कधी कुणी कुणाला शरण गेलेलं नाही," तो म्हणाला.

"मग जाऊ दे," हंबीर चहाचा कप ठेवत म्हणाला. "मिशी जाईल, एवढंच."

"तू गप रे."

आम्ही जागेवर बसलो. गेम पुन्हा सुरू झाला. रणधीरचं घोडदळ परत आलं आणि हत्तींच्या पायाखाली गेलं. त्याचा वाडा पडला. कोठार पडलं. शेवटी जंगलाच्या कडेला एक झोपडी आणि तिच्याशेजारी एक लाकूडतोड्या एवढंच राज्य उरलं. हत्ती तिकडं वळले. रणधीर खुर्ची माझ्याजवळ घेऊन आला. त्यानं पडद्याकडं बघत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "सन्म्या. शरण आलो बाबा तुला. वाचव मला."

"मोठ्यानं म्हण की," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला ऐकू आलं," मी म्हणालो, आणि पायदळ सोडलं.

पण पायदळ ते पायदळ. हत्ती नाही, घोडा नाही, रथ नाही. माझी माणसं शिस्तीत नकाशा ओलांडत चालली होती आणि आख्खी लॅब त्यांना चाल रे, उचल पाय, म्हणत होती. रणधीरनं तोवर आपला लाकूडतोड्या जंगलात पळवला. हत्तींनी झोपडी पाडली. ते झाडांत शिरणार एवढ्यात माझे भालेवाले पोचले. हत्तींवर भाला चालवताना माझा हात क्षणभर अडला, पण ते अंगावर येत होते आणि मागं रणधीरचा एकुलता एक माणूस होता. त्यानंतर मात्र थांबायचं कारण नव्हतं. माझ्या कोठारात एवढं धान्य होतं की एक पडला की दोन उभे राहत होते. हंबीर मागं हटत हटत आपल्या किल्ल्यापर्यंत गेला. बाहेरचं त्याचं सगळं संपलं.

मी किल्ल्याला वेढा घातला, आणि हंबीर खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं म्हणाला, "मगदूम, मीपण शरण आलो. वाचव मला."

माझा हात माऊसवरच थांबला.

"खोटं बोलतोय तो," रणधीर किंचाळला. "वेळ काढतोय. आत नवीन हत्ती तयार करेल आणि माझा लाकूडतोड्या मारेल. मार त्याला."

"शरण आलाय."

"खोटं आलाय!"

"तू तरी कुठं खरं आलास?" मी चिडून म्हणालो.

रणधीर पडदा सोडून माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "मी खरं आलो होतो."

मी त्याच्याकडं बघितलंही नाही. फार वाईट वाटलं. पण समोर हंबीरनं शब्द उच्चारला होता, सगळ्यांनी ऐकला होता, आणि खरं-खोटं ठरवायला मी काही त्याच्या पोटात शिरलो नव्हतो. मी वेढा तसाच ठेवला, हल्ला थांबवला. आणि किल्ल्यात कोंडलेल्या माणसांना खायला काही नाही, हे लक्षात आल्यावर मी हंबीरला धान्य पाठवलं. शरण आलेल्याला उपाशी ठेवत नाहीत, यासाठी आज्जाला फोन करायची गरज नव्हती.

गेममध्ये कुणी कुणाला धान्य पाठवलं की तुतारी वाजायची आणि सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरं यायची. तुतारी वाजली. लॅबमध्ये जे हसणं सुरू झालं ते थांबेना.

रणधीरनं कपाळ टेबलावर टेकवलं. "शत्रूला धान्य. माझ्या मिशीवर पंगत."

मी थोड्या वेळानं पुन्हा धान्य पाठवलं. पुन्हा तुतारी. मागच्या पोरांनी विचारलं, "हंबीर, पोटभर झालं का?" पुन्हा तुतारी. "लाजू नको हंबीर, भात वाढू का?" हंबीरला त्या धान्यावर गुपचूप हत्ती तयार करायचे होते. थोडा दम धरला असता तर झालेही असते. पण दर तुतारीला पोरं ताट वाजवल्यासारखी बाकं वाजवत होती, आणि हंबीरचे कान लाल होत होते.

"मगदूम, धान्य पाठवणं बंद कर."

"उपाशी कसा ठेवू? तू शरण आलायस."

"बंद कर म्हणतो ना!"

मी पाठवलं. तुतारी वाजली. आणि हंबीरनं किल्ल्याचा दरवाजा उघडून जेवढी मूठभर माणसं होती तेवढी बाहेर सोडली. त्यातल्या पहिल्यानं दारात उभ्या असलेल्या माझ्या भालेवाल्याला खाली पाडलं.

"त्यानं आधी मारलं," कोरवी सर ओरडले. पंच असल्याचं ते विसरूनच गेले होते. "मगदूम, त्यानं आधी मारलं!"

पुढं फार वेळ लागला नाही. किल्ला पडला, हंबीरचं राज्य संपलं, आणि पोरांनी मला उचलायचं सोडून रणधीरच्या लाकूडतोड्याचा जयजयकार केला.

संध्याकाळी मंडपासमोर खुर्ची मांडली. वसतिगृहाचा न्हावी बाबू पेटी घेऊन आला. हंबीर काही न बोलता येऊन बसला. वाद नाही, विनवणी नाही. बाबूनं गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, साबणाचा फेस केला, ओठावर लावला. मग वस्तरा उघडताना विचारलं, "वडील हायत न्हवं? असले तर मी न्हाई उतरवणार, आधीच सांगतो."

"नाहीत," हंबीर म्हणाला. "उतरव."



"कधी गेले?" बाबूनं विचारलं.

"दहावीत होतो. तेव्हा मिशी फुटली नव्हती. न्हाव्यानं नुसता कोरडा वस्तरा फिरवला ओठावरनं." तो हसायला गेला, पण फेसामुळं तोंड नीट हललं नाही. "तेव्हा द्यायची राहिलीच होती. आता उतरव."

रणधीर पुढं गेला. त्यानं टॉवेलचं टोक धरून हंबीरच्या ओठावरचा फेस पुसून काढला.

"ए, पैज म्हणजे पैज," हंबीर म्हणाला.

"पैज माझ्याशी होती. सोडली मी."

"मी तुला शरण वगैरे येणार नाही हां."

"नको येऊस. बस गप."

बाबू वस्तरा धरून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "मग आता काय करू? फेस केलाय मी."

"दाढी कर त्याची," रणधीर म्हणाला.

हंबीर नीट मागं टेकून बसला. बाबूनं दाढी केली, मग कात्रीनं मिशी दोन्ही कडांना सारखी कोरून दिली, आणि ते होईपर्यंत रणधीर समोर आरसा धरून उभा राहिला.